गुलाबरावांची झंडी

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही गोष्ट वाचूच नये.

ही भर दुपारची आहे.

भिलाई, स्मृति नगर. मागच्या वर्षी अक्तीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी. दोन वाजून दहा मिनिटं. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन.

पदरचं एक अक्षर घालत नाही. शामसुंदर ढोबळे आजही त्याच घरात राहतात. जाऊन विचारा. फक्त दुपारी दोनला जाऊ नका, त्या वेळी ते कोणालाही दार उघडत नाहीत.

शामसुंदर मूळचे वर्ध्याकडचे. चौतीस वर्षं भिलाईच्या स्टील प्लांटच्या मशीन शॉपमध्ये लेथवर उभे राहिले. रिटायर झाल्यावर माणसं चारधामला जातात. ह्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रेसची गाडी बांधायला घेतली!

रेस पण कसली? ड्रॅग रेस. वळण नाही, वळसा नाही. चारशे मीटर सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी-शेजारी, आणि पंधरा सेकंदांच्या आत खेळ खलास. अप्रेंटिस असताना त्यांनी एका फाटक्या विदेशी मासिकात तसली गाडी पाहिली होती. लांबलचक नाक, पुढे बारीक चाकं, मागे धिप्पाड चाकं, इंजिन उघडंवाघडं. साठ-पासष्ट साली तिकडे लोक घरच्या अंगणात बांधायचे तशी. ती त्यांच्या डोक्यातून कधी उतरलीच नाही.

बायकोनं, रत्नमालाबाईंनी, त्या गाडीचं नाव 'सवत' ठेवलं होतं. पाइपांचा सांगाडा, भंगारातल्या ॲम्बॅसेडरचं ॲक्सल, पुढे मोपेडची चाकं. सवतीवर जीव मात्र दोघांचा होता. एक शामसुंदर. दुसरे त्यांचे जिवलग दोस्त गुलाबराव.

गुलाबराव रेल्वेचे. चरोद्याच्या यार्डात त्यांनी जन्मभर वॅगनखाली शिरून तपासणी केली. त्यांचा एक नियम होता. खरं तर तो रेल्वेचाच नियम. माणूस गाडीखाली शिरणार असेल, तर आधी लाल झंडी लावायची. झंडी आहे म्हणजे खाली माणूस आहे. मग वर कितीही मोठा साहेब असो, चाक हलवायचं नाही.

आणि ज्यानं झंडी लावली... त्यानंच काढायची.

दुसऱ्या कोणी हातसुद्धा लावायचा नाही.

घरच्या शेडमध्येही गुलाबराव सवतीखाली शिरताना स्टिअरिंगला झंडी बांधायचे. सत्यभामावहिनींनी, त्यांच्या बायकोनं, जुन्या लाल लुगड्यातून ती शिवून दिली होती. लाल दोरा संपला म्हणून एका बाजूला हिरवी टीप.

"काय गुलाबराव, माह्या घरी यार्ड आणलं का?" शामसुंदर चिडवायचे.

"शामभाऊ, लोखंडाले घर अन् यार्ड समजत नाही. थे दाबते, बस."

मग ते खाली शिरायचे. काही हवं असलं की खालून पाइपवर दोनदा पाना आपटायचे. ठक... ठक. त्याचा अर्थ एकच, बारा-तेराचा पाना दे. वर्षानुवर्षं तोच पाना, तोच इशारा.

आता तिसरा माणूस. सुशील, शामसुंदरांचा धाकटा भाऊ. वडील लवकर गेले, म्हणून शामसुंदरांनीच त्याला वाढवला. रेल्वेत लागल्यावर यार्डात गुलाबरावांच्या हाताखाली शिकला, त्यांना 'भाऊ' म्हणायचा. राहायचा भावाकडेच. गाडी तयार झाली की चालवणार तो, असं ठरलेलं होतं. पण पहिला सेल्फ मारायचा मान मात्र गुलाबरावांचा. तिघांनी हातावर हात मारून ठरवलं होतं.

होळीच्या आधीचा रविवार. शामसुंदर एक पाइप वाकवून आणायला जामुलला गेले होते.

तीन वाजता परत आले, तर दारात गर्दी.

गाडीचं पुढचं अंग घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवलं होतं. ते घोड्यांवरून घसरून खाली आलं होतं. आणि गुलाबराव खाली होते.

"दादा, मी पाणी प्याले आत गेलतो," सुशील ढसाढसा रडत होता. "भाऊंनी खालूनच सेल्फले तार लावली. गाडी गिअरमध्ये होती, उसळली. झंडी बी लावली नोती त्यायनं..."

शामसुंदरांनी स्टिअरिंगकडे पाहिलं.

झंडी नव्हती.

ती नेहमीच्या खुंटीवरही नव्हती. पण त्या गोंधळात झंडी शोधणार कोण?

तेरवीला यार्डातली जुनी माणसं आली होती. सगळ्यांचा एकच सवाल. गुलाबरावसारखा माणूस असा कसा गेला? शामसुंदरांनी मान खाली घातली आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "चूक त्याचीच होती. झंडी नाही लावली."

रेल्वेच्या माणसाबद्दल याहून वाईट बोलता येत नाही. एक जण उठून बाहेर गेला.

सत्यभामावहिनी कोपऱ्यातून एवढंच बोलल्या, "भाऊजी, घरचा पंखा पुसाचा असला, तरी हे बटणाले लाल चिंधी बांधत. झंडी लावली असनच."

दुःखात माणूस असंच बोलतो, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. शामसुंदरांनीही नाही.

महिनाभरानं सुशील म्हणाला, "दादा, भाऊंच्या यादमध्ये गाडी पुरी करू. मी चालवतो."

शामसुंदरांचे डोळे भरून आले. भावाच्या पाठीवर थाप मारून ते पुन्हा शेडमध्ये गेले.

तिथून सुरू झालं.

पहिल्या दिवशी, दुपारी. दोनच्या पाळीच्या स्कूटर जाऊन रस्ता सुनसान झाला होता. शामसुंदर लोखंड घासत होते. मध्येच हात थांबला.

कूलरचा आवाज बंद झाला होता. त्याचा पंखा तर फिरत होता...

आणि मग गाडीखालून...

ठक... ठक.

त्यांनी सवयीनं हात लांब करून बारा-तेराचा पाना खाली धरला. मग त्यांना आठवलं, खाली कोणी नाही. पाना हातातून गळून पडला.

पडल्याचा आवाज आला नाही.

वाकून पाहिलं. फरशी कोरडी, तेलाचा एक जुना डाग. पाना नव्हता. शेड पालथी घातली, नाही सापडला. हत्यारांच्या बोर्डावरची त्याची जागा रिकामी राहिली ती राहिलीच.

रत्नमालाबाई म्हणाल्या, "ऊन लागलं तुमाले. कांदा ठेवा खिशात."

ठेवला. दुसऱ्या दिवशी खिशात कांदा, आणि गाडीखाली कोणीतरी नट आवळतंय. कट्... कट्... कट्... मध्ये दम खायला थांबणं. गुलाबराव थांबायचे तेवढंच.

तिसऱ्या दिवशी काहीच नाही. चौथ्याही दिवशी नाही. शामसुंदरांना वाटलं, गेलं.

मग अक्तीचा दुसरा दिवस उजाडला.

जेवण करून ते शेडमध्ये गेले. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. दार उघडलं...

स्टिअरिंगला लाल झंडी बांधलेली होती.

वारा नव्हता. झंडी सरळ लोंबत होती. एका बाजूला हिरवी टीप. गाठही तीच, गुलाबरावांची, एका हिसक्यात सुटणारी.

शामसुंदर जवळ गेले. हात लावायला पुढे केला आणि मागे घेतला. नियम तो नियम. फक्त नाक जवळ नेलं...

जळक्या कापडाचा वास.

त्यांना भीती नाही वाटली, उलट बरंच वाटलं. वहिनीनं नवी शिवून पाठवली असेल, सुशीलनं बांधली असेल, असं मनाशी म्हणून त्यांनी हाक मारली, "सुशील! अरे, झंडी तू बांधली का?"

सुशील ताकाचा पेला घेऊन दारात आला. त्यानं स्टिअरिंगकडे पाहिलं.

पेला खाली पडला.

"मी तं जाळली होती," तो म्हणाला.

ताक फरशीवरून वाहत गाडीखाली गेलं.

"काय म्हणाला तू?"

सुशील दारातच खाली बसला. जे दोन महिने पोटात होतं, ते सगळं बाहेर पडलं. त्या रविवारी दोन वाजून दहा मिनिटांनी तो शेडमध्ये आला, तेव्हा झंडी लावलेली होती. त्यानं पाहिली होती. "मले वाटलं, भाऊ जेवाले गेले, झंडी काढाची रायली. एकदाच सेल्फ मारून आवाज ऐकतो म्हटलं, दादा. एकदाच. मोबाइलवर रेकॉर्ड कराचा होता..."

"खाली वाकून पाहिलं कावून नाही?"

सुशील सांडलेलं ताक हातानं पुसायला लागला.

"झंडी कोनं काढली?"

"...मी."

यार्डात बारा वर्षं काम केलेला माणूस. त्यालाच गुलाबरावांनी पहिल्या दिवशी काय शिकवलं असेल? आणि त्यानं दुसऱ्याची झंडी सोडली, खिशात घातली, रात्री चुलीत टाकली.

तेवढ्यात गाडीखालून...

ठक... ठक.

सुशील अनवाणी पळाला, थेट रस्त्यावर, तापल्या डांबरावर. शामसुंदर गुडघ्यावर बसले आणि वाकले. खाली कोणी नव्हतं. उठून पाहिलं, तर स्टिअरिंग मोकळं होतं. झंडी गेली होती.

लोक विचारतात, तेव्हा भीती नाही वाटली? शामसुंदर म्हणतात, भीतीला जागाच नव्हती. आत आग लागली होती. चूक कोणाच्याही हातून होते, तिला माफी असते. पण आपलं पाप झाकायला मेलेल्या माणसाच्या नावाला काळं फासायचं? आणि ते काळं ज्याच्या हातानं फासायचं, तो मी, सख्खा भाऊ, बापाच्या जागी असलेला! दोन महिने माझ्याच ताटाशेजारी बसून जेवला. मी त्याला आग्रह करून पोळी वाढत होतो.

संध्याकाळी त्यांनी सुशीलला शोधून आणला आणि मनगट धरून दुर्गला सत्यभामावहिनींकडे नेला. "सांग," म्हणाले. "जे मले सांगितलं, तेच सांग."

सुशीलनं पाय धरले का? माफी मागितली का?

छे.

तोवर त्याचं डोकं थंड झालं होतं. तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, दादाले ऊन लागलं. चार दिवसांपासून शेडमध्ये आवाज ऐकून राहिला. झंडी वापस आली म्हणते. मंग दाखव म्हणा ना झंडी."

शामसुंदरांच्या हातात काही नव्हतं. एका दिवसात त्याच भावानं दुसऱ्यांदा गळा कापला.

सत्यभामावहिनी सुशीलच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"मले झंडी पाहाची गरज नाही," त्या म्हणाल्या. "मीच शिवली होती थे. पण सुशीलभाऊ, तुमचा हात कावून थरथरून राहिला?"

त्यानं हात खिशात घातला.

"राहू द्या, भाऊजी," वहिनी शामसुंदरांना म्हणाल्या. "ज्यायनं लावली, थेच काढतीन."

शामसुंदरांनी मग एकच केलं. यार्डातल्या ज्या ज्या माणसासमोर ते तेरवीला बोलले होते, त्या प्रत्येकाच्या घरी गेले. हात जोडून सांगितलं, "गुलाबरावनं झंडी लावली होती. मी खोटं बोललो." काहींनी ऐकून घेतलं. काहींना वाटलं, म्हातारा सरकला.

सुशील घर सोडून नेहरू नगरला भाड्यानं राहायला गेला. दिवाळीत त्यानं एक जुनी छोटी कार घेतली, असं कानावर आलं. दोघांत बोलणं नव्हतं.

मग डिसेंबरातल्या एका दुपारी शामसुंदरांचा फोन वाजला. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं.

"दादा..." सुशीलचा आवाज ओळखू येत नव्हता. "दादा, तू आलता का इकडं?"

"नाही."

"माह्या गाडीच्या स्टिअरिंगले... लाल झंडी बांधून आहे. काच बंद आहे, दार लॉक आहे. एका बाजूनं हिरवा दोरा..."

शामसुंदरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काढू का, दादा?"

"ज्यानं लावली, त्यानंच काढाची."

"मग मी ड्युटीवर कसा जाऊ? सांग ना!"

"झंडी आहे म्हणजे खाली माणूस आहे. वाकून पाह्य."

मग शामसुंदरांनाही ऐकू आलं, फोनमधून, लांबून, पण स्वच्छ...

ठक... ठक.

"दादा," सुशील लहान पोरासारखा रडायला लागला, "भाऊ बारा-तेरा मागून राहिले..."

"मग दे त्यायले," शामसुंदर म्हणाले, आणि फोन ठेवला.

सुशीलला त्या दिवशी काय दिसलं, तो वाकला की नाही, हे त्यानं कोणालाच सांगितलेलं नाही. तो आता चालत ड्युटीवर जातो. ती कार अजून नेहरू नगरात उभी आहे, चाकांतली हवा गेलेली. विकायला काढली होती, पण घ्यायला आलेला माणूस आत एकदा डोकावून परत गेला.

आणि शामसुंदर? लोकांना वाटतं, त्यांना आता चैन पडलं असेल. पण त्या रात्री झोपण्याआधी ते शेडला कुलूप लावायला गेले, तेव्हा बोर्डावर बारा-तेराचा पाना आपल्या जागी टांगलेला होता. दांड्याला अजून कोणाच्या तरी मुठीची ऊब होती.

तो पाना कोणी आणून ठेवला, आणि तेरवीला दोस्ताबद्दल आपण स्वतः जे खोटं बोललो त्याचा हिशेब मिटला की नाही, हे त्यांना माहीत नाही. म्हणून दुपारी दोन वाजले की ते घराचं दार लावून शेडमध्ये जातात, पाना हातात घेऊन सवतीजवळ बसतात आणि खालून येणाऱ्या इशाऱ्याची वाट पाहतात.