एकाशनाचं ताट

शर्टाच्या बाहीनं वीरगळ पुसणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. वेशीजवळ चकचकीत सायकल आडवी टाकलेली, डोक्यावर हेल्मेट तसंच, आणि हा आपला दगडातल्या लढवय्याचं तोंड पुसतोय!

"काय हो, लग्नाला उभं करायचंय काय त्याला?" मी सायकलवरनंच विचारलं.

तो दचकला. मग हसला. गालाला चिखल लागला होता. "आधी त्याचं होऊ दे, मग माझं बघू."

तो अभिनंदन. बेळगावात खडेबाजारात घरचं कापडाचं दुकान, आणि रविवारी सायकल. नवख्यांना झेपेल अशी, फारसा चढ नसलेली एक फेरी त्याला निपाणीच्या आसपास आखायची होती. आमच्या वेशीतला वीरगळ, मग जुनी गढी, पायऱ्यांची विहीर आणि परत आमच्या जैन बस्तीसमोरच्या, म्हणजे देवळासमोरच्या उंच मानस्तंभापाशी.

"वाट दाखवाल?" त्यानं विचारलं.

मी दाखवली. एका रविवारी उरकलं असतं, पण मी पावसाळाभर दाखवत राहिले. गढीकडं जायला दर वेळी नवी वाट निघायची, विहिरीच्या पायऱ्यांची मोजणी कधी जुळायची नाही! मी त्याच्या प्रेमात पडले होते, हे आईलासुद्धा कळलं होतं. त्यालाही मी आवडते, हे मला कळत होतं. फक्त त्या शहाण्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

आणि भाद्रपदातल्या त्या रविवारी, विहिरीच्या काठावर बसून तो म्हणाला, "झाली की फेरी पक्की. आता यायला कारण न्हाय उरलं..."

"व्हय की," म्हणत मी ताडकन उठले.

निघालो, तर त्याच्या सायकलची चेन तुटली. हात काळे करून घेतले, पण ती काही जुळेना.

"चेहरा बघा किती सुकलाय," म्हणत त्यानं खिशातनं चिक्की काढली. "घ्या."

"पर्व चाललंय. एकाशन आहे माझं."

"एवढीशी तर आहे—"

"तेच माझं जेवण हुईल! एकदाच खायचं, बसल्या जागी. उठलं की संपलं. ते पण दिवस मावळायच्या आत." सकाळी पूजेत वेळ गेला, म्हणून मी परतल्यावर जेवणार होते.

त्यानं पश्चिमेला बघितलं. ऊन उसाच्या शेंड्यांवर आलं होतं. "जावा तुम्ही पुढं! मी येतो चालत."

"आणि उसात हरवा! बसा मागं."

"मी? कॅरिअरवर?"

"आप्पांची सायकल आहे. दुधाचे कॅन वाहिलेत तिनं. बसा!"

त्याची सायकल गुंडाप्पाकाकांच्या मळ्यात टाकली आणि मी जी हाणली... गढी गेली, तंबाखूची नवी लावण गेली. पारावरचे म्हातारे ओरडले, "सोनल, पावणं कुठनं उचलून आणलंस गं?" मी नुसती घंटी वाजवली. मागनं हळूच आवाज आला.

"एक बोलू?"

"बोला की!"

"...मागच्या चाकात हवा कमी वाटतीया."

मेला! रागानं मी आणखी जोरात पाय मारले.

घर गाठलं तेव्हा मानस्तंभाच्या शेंड्यावर ऊन होतं. आईनं ताट वाढूनच ठेवलं होतं. हातपाय धुऊन मी बसले, पहिला घास घेतला. जेवताना मी मौन धरते.

"चहा घ्या," आप्पा त्याला म्हणाले.

"नको आप्पा. निपाणीचा टेम्पो गाठतो. सायकल उद्या दुकानातला माणूस येऊन न्हेईल."

माणूस! म्हणजे हा येणारच नव्हता. तो उंबऱ्याबाहेर बूट घालू लागला. माझ्याकडं बघितलं, नजर खाली केली, नाडी बांधायला लागला... बोलायचं तर मौन मोडतं, उठायचं तर जेवण संपतं. आणि नाही उठले, तर तो गेला.

मी ताटाला हात जोडले आणि उठले.

"अगं, एकच घास झालाय!" आई ओरडली.

"झालं माझं."

बाहेर येऊन मी त्याच्यासमोर उभी राहिले. "वीरगळ झाला, गढी झाली. पुढच्या रविवारी माझ्यासाठी या. दुसरं कारण नको."

"तुम्ही... ताटावरनं उठलात?"

"व्हय. उद्यापर्यंत आता पाणीसुद्धा न्हाय. आता तरी बोला!"

तो दुसरा बूट अर्धा घालूनच उभा राहिला. "पहिल्या दिवशीच बोलणार होतो गं. लई आवडतीस तू मला. तू न्हाय म्हणालीस तर येणं पण बंद हुईल, म्हणून भ्यालो..."

तो 'तू' ऐकून मला दारातच नाचावंसं वाटलं. मागे आप्पा खोकले आणि आईला म्हणाले,

"राजमती, पावण्याला वाढ. टेम्पो गेला."

"दिवस मावळला, आप्पा," अभिनंदन म्हणाला. "मी पण आज न्हाय जेवणार."

आईनं ताट उचललं, आम्हा दोघांकडं बघितलं आणि आप्पांना म्हणाली, "रविवारची वाट कशाला बघायची? ह्यांच्या घरचा नंबर घ्या, आणि उद्याच बेळगावला फोन लावा."