तिवरकोटचा ओलीस

पहाट फुटत होती आणि खाडीचे पाणी ओसरत होते. ओसरत्या पाण्यातून तिवरांची काळी मुळे एकेक करून वर येत होती, चिखलावर बगळे उतरत होते, आणि त्या चिखलाच्या पलीकडे, जमिनीच्या अंगाला, मराठ्यांच्या छावणीतल्या चुलींचा धूर संथपणे आभाळात चढत होता. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरला फिरंग्यांचा हा तिवरकोट तसा लहानच. चार बुरूज, जमिनीकडे एक दिंडी दरवाजा, खाडीकडे एक पाणदरवाजा, आत एक ख्रिस्तमंदिर आणि एक विहीर. दोन महिने वेढा पडला होता. आसपासच्या गावांतली चारशे ख्रिस्ती माणसे बायकापोरांसह कोटात आसऱ्याला आली होती, आणि विहिरीचे मचूळ पाणी आता माणशी दोन ओंजळी मिळत होते.

मंदिराच्या पायरीवर पाद्री बस्त्याव उभा होता. वय पन्नाशीच्या पुढचे, अंगकाठी किरकोळ. जन्म ह्याच खाडीकाठच्या एका भंडाऱ्याच्या घरात झालेला. त्यामुळे फिरंगी अधिकारी त्याला जेवणाच्या मेजावर कधी बोलावीत नसत, आणि गावकरी त्याच्या झग्याला इतके भीत की त्याच्याजवळ घटकाभर बसून कुणी मनातले बोलत नसे. बावीस वर्षे तो असा मधल्या मध्ये एकटा राहिला होता.

त्या शनिवारी सकाळीच कपितान दों लोरेन्सुने त्याला बोलावणे धाडले. कपितान कोटाचा मुख्य. गोव्याच्या मोठ्या घराण्यातला, गोऱ्या बोटांत तीन अंगठ्या घालणारा. त्याने दार लावून घेतले, शुभवर्तमानाचा ग्रंथ पुढे ठेवला आणि म्हणाला, "पाद्री, ह्यावर हात ठेवून शपथ घ्या. आता जे सांगेन ते ह्या खोलीबाहेर जाणार नाही."

बस्त्यावने शपथ घेतली. आपण काय ऐकणार आहोत ह्याची त्याला कल्पना नव्हती.

"गोव्याहून आरमार येणार नाही," कपितान म्हणाला. "ही बातमी आज ना उद्या फुटेल, तिची मला फिकीर नाही. शपथ घातली ती दुसऱ्या गोष्टीसाठी. येत्या गुरुवारी पौर्णिमेचे उधाण आहे. त्या भरतीला पाणदरवाजातून दोन गलबते निघतील. माझे चाळीस शिपाई आणि मी. त्यांतल्या एकात तुमचीही जागा धरली आहे."

"आणि लोक?"

"लोकांनी तटावर दिसले पाहिजे. तट मोकळा दिसला तर मराठे खाडीवर होड्या घालतील. उद्या उपदेशात सांगा, आरमार वाटेवर आहे, आठ दिवस धीर धरा. तुमचा शब्द ते देवाचा शब्द मानतात." मग जरा थांबून त्याने मधाचे बोट लावले. "गोव्यात एक मोठी धर्मप्रांताची जागा रिकामी आहे. आजवर तुमच्या जातीच्या माणसाला ती मिळालेली नाही. माझ्या मामांच्या हाती आहे."

बस्त्याव खाली मान घालून ऐकत होता. जागेच्या नावाने आपले मन क्षणभर हलले, हे त्याला जाणवले, आणि त्या जाणिवेनेच तो अधिक खिन्न झाला.

"सेन्योर कपितान, गलबतांविषयी मी बोलणार नाही. शपथ आहे. पण खोटे बोलण्याची शपथ मी घेतलेली नाही."

"मग काय बोलाल?"

"अजून ठाऊक नाही," तो म्हणाला. आणि ते खरे होते.

दुसरा दिवस झावळ्यांच्या रविवारचा; त्या दिवशी हाती माडाच्या झावळ्या धरून प्रभूचे स्वागत करतात. कोटातले माड मोर्चेबंदीसाठी तोडले गेले होते. म्हणून लोकांनी हाती तिवराच्या डहाळ्या घेतल्या होत्या. पुढच्या मखमली खुर्चीवर कपितान बसला होता. बस्त्याव वेदीपुढे उभा राहिला. तहानेने ओठ फुटलेली ती चारशे तोंडे त्याच्याकडे वर झाली.

"माझ्या लेकरांनो," तो म्हणाला, "आज आपला प्रभू गाढवावर बसून नगरात शिरला. लोकांना राजा हवा होता, फौजा घेऊन येणारा. तो तसा आला नाही, आणि येतो असे खोटे सांगून त्याने कुणाला आपल्यापाशी धरूनही ठेवले नाही. मीही तुम्हांला खोटे सांगणार नाही. गोव्याचे आरमार येत नाही. कुणीच येत नाही."

वर धरलेल्या डहाळ्या खाली आल्या. मग एका म्हातारीने हंबरडा फोडला. कपितान ताडकन उठला. पण एवढ्या जनांत पाद्रीवर हात टाकायला तो धजला नाही. बस्त्यावने मिस्सेची उपासना पुरी केली, वरचा जरीचा झगा उतरवून घडी घातली, आणि आतल्या पांढऱ्या वस्त्रानिशी तो दिंडी दरवाजाशी गेला.

दरवाजावर इनास नायक होता. कोटातल्या शंभर देशी शिपायांच्या शिबंदीचा म्होरक्या, राकट माणूस. मिस्सेला सणासुदीलाच येणारा.

"कुठं चाललात, पाद्रीबाबा?"

"छावणीत. लोकांसाठी अभयाचा कौल मागायला."

"कोणाला संगती देऊ?"

"नको. दोघे गेलो तर त्यांना वकिली वाटेल. एकटा गेलो तर भीक वाटेल."

इनासने अडसर काढला. त्या दरवाजापासून छावणीपर्यंतची वाट अर्ध्या कोसाची असेल नसेल. पण दोन्हीकडच्या बंदुका आपल्यावर रोखलेल्या आहेत, पुढचे आपल्याला ओळखत नाहीत आणि मागचे आता आपले राहिलेले नाहीत, हे जाणून भर उन्हात चालणाऱ्या त्या माणसाला ती संपता संपेना. तो प्रार्थना म्हणू लागला आणि शब्दच विसरला. मग नुसताच चालत राहिला.

सरदार सुभानराव निंबाळे डेऱ्यात बसले होते. पिकल्या मिशा, कपाळावर जुना वार. त्यांनी पाद्रीला बसवून आधी पाणी दिले. बस्त्यावने तांब्या एका दमात रिकामा केला. मग कोटातली पोरे आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"बोला, पाद्रीबुवा."

"चारशे जीव आहेत, सरदार. निःशस्त्र. त्यांना बाहेर पडू द्यावे आणि गावी जाऊ द्यावे."

"कोटात तोंडे जितकी जास्त, पाणी तितके लवकर सरेल. तुमच्या शब्दावर आम्ही आमचाच फास सैल करावा?"

"युद्धाच्या हिशेबाने आपले म्हणणे खरे आहे. त्याला माझ्यापाशी उत्तर नाही. पण हा मुलूख उद्या आपला होईल. माणसांवाचून तो घेऊन काय कराल? ह्या खारजमिनी त्यांच्याखेरीज कुणाला पिकवता येत नाहीत."

सुभानराव हसले. "मग सौदाच करू. कपितानाच्या मनात काय आहे, तेवढे सांगा. लोक तर सुटतीलच, शिवाय ह्या खाडीकाठच्या साऱ्या ख्रिस्ती गावांचे मुख्यपण तुम्हांला देतो. शिक्कामोर्तब करून."

दोन दिवसांत दुसऱ्यांदा कुणी तरी त्याला मोठा करू पाहत होते.

"कोटातले शिपाईही माझेच आहेत," बस्त्याव म्हणाला. "कपितानसुद्धा. मेंढपाळाला नावडती मेंढी विकता येत नाही, राव. माझ्यापाशी देण्याजोगा मी एकटाच आहे. मला ओलीस ठेवा. बाहेर पडणाऱ्यांत एक जरी हत्यार सापडले, तर माझी मान घ्या."

सरदारांनी मोर्चांवर बंदुका खाली ठेवण्याचा निरोप धाडला. मग म्हणाले, "जा. अभय दिले. सूर्य कलण्याआधी आणा त्यांना."

तो परत आला तेव्हा कपितान दरवाजावरच्या तटावर होता. "नायक, बत्ती दे!" तो ओरडला. "फितूर आहे तो!"

इनासने बंदूक उचलली, खाली उन्हात उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या आकृतीकडे पाहिले, आणि बंदूक तटाला टेकवून ठेवली.

"कपितानसाहेब," तो म्हणाला, "हा माणूस सुटला होता. परत आला. फितूर परत येत न्हाई."

एकामागून एक देशी शिपायांनी बंदुका खाली ठेवल्या. कपितानाच्या चाळिसांपुढे ते शंभर होते. कपितानाने मनाशी अंदाज घेतला आणि तो मुकाट्याने बाजूला झाला. दिंडी दरवाजा उघडला. माणसे बाहेर पडली. गाठोडी, पाळणे, आंधळे, आजारी, आणि शेवटी रिकाम्या हातांनी देशी शिपाई आणि इनास. बस्त्याव उंबऱ्याशी उभा राहून एकेकाला पुढे करीत होता. त्यांना पाण्याची घाई होती. वळून पाहायचे कुणाला सुचले नाही. वाट रिकामी झाली, तेव्हा तो आपल्या पायांनी ओलिसाच्या राहुटीत जाऊन बसला.

गुरुवारी पहाटे उधाण आले. दोन गलबते धुक्याआडून दर्यात निसटली आणि मराठ्यांना रिकामा कोट मिळाला. सुभानराव संतापाने राहुटीत शिरले.

"तुम्हांला ठाऊक होते?"

"होते. शपथेवर ऐकले होते."

"मुंडके उडवले असते तरी सांगितले नसतेत?"

"मरणाची भीती तर वाटत होती," एवढेच बस्त्याव म्हणाला.

सरदारांचा तलवारीवरचा हात हळूहळू खाली आला. "माझ्या पदरी असा एकही नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी त्याला सोडून दिले.

कपितान गोव्यास सुखरूप पोहोचला. देशी पाद्रीने कोट शत्रूला विकला, असे त्याने लिहून दिले आणि ते खरे मानले गेले. वर्षभराने गोव्याहून पत्र आले: बस्त्यावला वेदीवर चढण्यास, उपदेश करण्यास, संस्कार देण्यास मनाई. त्याच्या जागी नवा विगार, म्हणजे मुख्य पाद्री, आला. पहिल्याच रविवारी तो फितुरीच्या पापावर बोलला, तेव्हा बस्त्याव सर्वांच्या मागे जमिनीवर बसला होता. ज्यांना त्याने दरवाजातून बाहेर काढले होते ती माणसे आता त्याला पाहून वाट बदलीत. विगाराचा कोप कुणाला हवा होता? त्याने कुणाला दोष दिला नाही. खारीच्या बांधावर एक झोपडी घातली, मिठागरावर मजुरी केली.

पण धर्माच्या कायद्यात एक फट आहे: मनाई झालेला पाद्रीही मरणाऱ्याची पापांची कबुली ऐकून त्याला क्षमा देऊ शकतो, जवळ दुसरा कुणी नसेल तर. आणि विगार खाडीपलीकडे राहत असे. म्हणून कुठे कुणाला घरघर लागली की झोपडीच्या दारी निरोप येई, आणि बस्त्याव धावत जाई. तेवढ्या घटकेपुरता तो पुन्हा पाद्री होई. मरणारे त्याचा हात सोडीत नसत. मागे राहणारे त्याला उंबऱ्यापर्यंत पोचवीत आणि दार लावून घेत. अकरा वर्षे असे चालले.

बाराव्या वर्षी, एका दुपारी, तो स्वतः अंथरुणाला खिळला. इनास तेवढा जवळ होता. होडी विगाराकडे गेली होती, पण ओहोटीमुळे अडकली होती.

"पाद्रीबाबा, तुमी साऱ्यांचं ऐकलंत," इनास घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तुमचं कोण ऐकंल? मला तर काय येत न्हाई."

"'आमच्या बापा' ही प्रार्थना येते ना?"

"तेवढं येतं."

"मग ती म्हण. सावकाश म्हण. मला मागून म्हणू दे."

इनासने टोपी काढली, गुडघे टेकले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो पुढे आणि पाद्री मागे, अशी ती प्रार्थना सुरू झाली.