भावलीकडे निघालेले हत्ती

कॉलेज रोडवरच्या त्या सायबर कॅफेत खिडकीजवळचं मशीन तृप्तीचं होतं. तिने ते विकत घेतलं नव्हतं, पण कॅफेचे मालक बहिरूभाऊ ते तिच्यासाठी राखून ठेवत. त्यामुळे २००५ सालच्या डिसेंबरातल्या एका गार सकाळी तिथे स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारून बसलेला एक अनोळखी मुलगा दिसला, तेव्हा त्याला उठवायलाच ती मागे जाऊन उभी राहिली. आणि उठवायचं राहूनच गेलं. पडद्यावर तो टाइप करत होता – ‘कट्यार दादा, तुमचा राग हत्तींवर नाही, हत्ती पाळायला लागणाऱ्या धीरावर आहे.’

कट्यार दादा म्हणजे तृप्तीच.

इंटरनेटवरच्या एका लढाईच्या खेळात तिचं हे नाव होतं. गावं वसवायची, धान्य साठवायचं, सैन्य उभारायचं आणि एकमेकांच्या उरावर बसायचं, असा तो खेळ. पण खऱ्या लढाया व्हायच्या त्या मराठी खेळाडूंच्या चर्चेच्या पानावर. हत्ती फार बलवान आहेत का, धनुर्धारी फार स्वस्त आहेत का, यावरून माणसं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून एकमेकांची पार सालटी काढायची. त्यात ‘हत्तीखाना’ नावाचा एक जण गेले काही महिने तृप्तीच्या हात धुऊन मागे लागला होता.

“दादा नाही,” ती म्हणाली.

तो दचकून वळला. “काय?”

“कट्यार... दादा नाही. आणि धीर मला भरपूर आहे. तुमचे हत्ती एका धडकेत तट पाडतात, मग बाकीच्यांनी खेळायचं कशाला? त्यांची किंमत वाढवायलाच हवी.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच उठून त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. “बसा ना. हे मशीन तुमचं आहे वाटतं.”

“तुम्हाला कसं कळलं?” तिने लगेच विचारलं.

“तुम्ही ज्या नजरेने बघताय त्यावरून,” तो हसला. “अशा नजरेने आमच्याकडे फक्त कांदे साठवायच्या चाळीत चोर शिरला तर बघतात.”

तृप्तीला हसू आलं, पण तिने ते दाबलं. ती तशीच होती. रिक्षावाल्याने जवळचा रस्ता घेतला तरी हा असा का वळला म्हणून विचारात पडायची. वडील इगतपुरीला रेल्वेत होते आणि ती नाशकात मावशीकडे राहून शिकत होती. या वयात मुलीने संशयी असलेलं बरं, असं मावशीचंही मत होतं.

मुलाचं नाव मयूर. देवळ्याचा. घरचा कांद्याचा व्यापार, हा मात्र इंजिनियरिंगला. दोघं रोज त्याच वेळी कॅफेत येऊ लागले. लोडशेडिंगमुळे वीज गेली की समोरच्या टपरीवर चहा घ्यायचे. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. भांडण मात्र तेच राहिलं.

त्या महिन्यात वाद पेटला होता एका नव्या नियमावर. चालून येणाऱ्या सैन्याचा झेंडा लपवावा की दाखवावा, यावर खेळाडूंचं मतदान होतं. तृप्तीला झेंडा लपलेला हवा होता.

“शत्रूला आधीच कळलं कोण येतंय, तर गनिमी काव्याला अर्थ काय?” ती म्हणाली.

“आणि मदतीला येणारा?” मयूरने चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला. “त्यालाही तू शत्रू समजून वाटेत कापून काढशील.”

“माझ्या मदतीला न विचारता कोण येणार आहे?”

“येईल कोणीतरी...” तो म्हणाला आणि चहाकडे बघू लागला. तिचे कान उगाच गरम झाले.

पानावर तिने या नियमाची अशी काही बाजू लढवली की मतदान तिने जिंकलं. झेंडे लपले. मयूरने तिला त्या दिवशी चहाबरोबर क्रीमरोल खाऊ घातला. हरलेल्याने एवढं गोड का वागावं, हा प्रश्न तिला घरी जाईपर्यंत छळत राहिला.

पुढच्याच आठवड्यात घात झाला. तृप्तीच्या गटाने आखलेला हल्ला शत्रूला आधीच माहीत होता. पुन्हा आखला, पुन्हा तेच. गटाचा म्होरक्या महेश पुण्याचा. तिने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, पण चॅटवर तो खऱ्या सेनापतीसारखा बोलायचा. त्याने लिहिलं, ‘बातमी तुझ्या बाजूने फुटतेय. तूच म्हणालीस, तो हत्तीखाना तुझ्या शेजारी बसतो. कुठल्याच गटात नसलेला माणूस तिथे करतो काय?’

तृप्तीने चॅटची खिडकी बंद केली. तिने बहिरूभाऊंना सहज विचारल्यासारखं विचारलं, “तो मयूर... मी गेल्यावर थांबतो का हो?”

“थांबतो ना ताई. तुम्ही गेल्या की तुमच्याच मशीनवर जाऊन बसतो. पाचेक मिनिटं. मग जातो.”

तिला मयूर आवडत होता. हे तिने स्वतःशीही आत्तापर्यंत कबूल केलं नव्हतं, आणि कबूल करायची वेळ आली ती अशी. तो हेर निघाला तर खेळ गेला खड्ड्यात, पण टपरीवरचं ते सगळं बोलणं, ते चहाकडे बघणं, सगळंच खोटं ठरणार होतं.

या खेळात हेर पकडायची एक ठरलेली रीत होती. ज्याच्यावर संशय आहे त्या एकट्यालाच एक खोटी बातमी द्यायची आणि वाट बघायची. तृप्तीने खेळातल्या आपल्या गावांना इगतपुरीकडची नावं दिली होती; भावली त्यातलंच एक. तिने चहा ढवळता ढवळता आवाज खाली आणला.

“तुला एक सांगते, कोणाला बोलू नकोस. माझी भावली उघडी पडलीय. सगळं धान्य तिथे आणि राखायला एक माणूस नाही. कोणी चालून आलं तर मी संपले.”

“मला कशाला सांगतेस?” त्याने विचारलं. त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला होता.

“असंच... सांगावंसं वाटलं.”

तो चहा अर्धाच ठेवून उठला. तिने त्या उठण्याचाही संशय घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच कॅफेत बसली. मयूरचं प्रॅक्टिकल होतं. पडद्यावर खबर आली – भावलीकडे मोठं सैन्य निघालं आहे. झेंडा अर्थातच दिसत नव्हता. भावलीबद्दल तिने जगात एकाच माणसाला सांगितलं होतं.

तिचे डोळे भरून आले, पण हात थांबला नाही. तिने आपले सगळे धनुर्धारी वाटेवरच्या खिंडीत दबा धरून बसवले. लढाई खेळाच्या हिशेबाने झाली, म्हणजे पडद्यावर एक ओळ बदलली. निकाल उघडला. येणारं सैन्य सगळं हत्तींचं होतं, आणि सगळं मारलं गेलं होतं. खाली मालकाचं नाव होतं, हत्तीखाना. त्याखाली सैन्याला दिलेला हुकूम होता – भावलीत तळ द्यावा, गावाचं रक्षण करावं.

तिने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. एवढे हत्ती उभे करायला त्याला जवळजवळ वर्ष लागलं असणार, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

संध्याकाळी मयूर आला. नेहमीप्रमाणे हसला, शेजारच्या मशीनवर बसला, त्याने खेळ उघडला. ती पडद्याकडे न बघता त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्याचं हसू हळूहळू मावळलं.

“खिंडीत कोण होतं?” त्याने विचारलं.

“मी.”

“पण तुझ्याकडे तर राखायला माणूस नव्हता.”

“होती माणसं. मी खोटं बोलले... तू हेर आहेस का ते बघायचं होतं. आमच्या बातम्या फुटत होत्या आणि बहिरूभाऊ म्हणाले, मी गेल्यावर तू माझ्या मशीनवर बसतोस.”

“बसतो,” तो म्हणाला. “वीज गेली की तू मशीन तसंच टाकून चहाला पळतेस, नाहीतर घरी. परत चालू केलं की तुझं खातं उघडंच असतं. कोणीही बसावं आणि वाचावं. मी एकदा पाहिलं, तेव्हापासून तू गेलीस की येऊन बंद करतो. पण सुट्टीला मी देवळ्याला जातो, तेव्हा कोण बसत असेल मला काय माहीत.”

“मला सांगायचं ना.”

“सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, म्हणजे तू वाचलंस.”

ती म्हणालीच असती.

“हत्तींचं लय वाईट वाटतंय,” मयूर म्हणाला, “पण ते होतील परत. मला वाटलं होतं, तू पहिल्यांदाच कोणाला तरी विश्वासाने काही सांगितलंस, आणि ते मला सांगितलंस. रात्रभर त्याच आनंदात होतो. आणि तो तर सापळा होता.” त्याने बॅग खांद्याला अडकवली आणि तो बाहेर पडला.

तृप्ती मागोमाग धावली. पायऱ्यांवर थंडी झोंबत होती, रस्त्यावर कॉलेजची गर्दी होती. तिने त्याच्या स्वेटरची बाही धरली. चारचौघांत असं काही तिने जन्मात केलं नव्हतं.

“ऐक... मला तू आवडतोस. म्हणून एवढा संशय घेतला. जो आवडत नाही, त्याने फसवलं तर माझं काय जातं? तू फसवलं असतंस तर माझं सगळंच गेलं असतं. मी घाबरले होते, मयूर.”

तो थांबला. बाही सोडवून घेतली नाही, पण वळलाही नाही. “आणि उद्या परत काही वाटलं तर?”

“तर तुलाच विचारीन. आधी तुलाच.”

“आत्ता विचार मग. जे काय मनात असेल ते.”

तिने श्वास घेतला. “आपण रोज भांडायचो... ते खरंच हत्तींसाठी होतं?”

आता तो वळला. “पहिले दोन दिवस,” तो म्हणाला. “नंतर तुझ्यासाठी.”

तृप्तीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि जे ऐकलं ते खरं मानलं.