खाडीतली खरी हाक

माझ्या निंबाला खाडीपलीकडच्या बेटावरून आजच्या आज परत आणायचं, एवढ्यासाठी आम्ही तिघं निघालो. मी सुभद्राबाई, माझी शेजारीण कलाबाई, आणि वाट दाखवायला डुमसकडचा म्हातारा कोळी भीखाभाई. साल शहाण्णव. मी तेव्हा छप्पन्न वर्षांची, आणि पांडेसऱ्यातल्या आमच्या गल्लीत माझ्यापुढे आवाज चढवणारा अजून जन्माला यायचा होता!

निंबा घर सोडून गेला होता. डाईंग मिल सोडतो म्हणाला, मी गल्लीसमोर त्याच्या थोबाडीत दिली, तो चपला घालून निघाला तो गेलाच. आता सुभद्राबाईचा पोरगा सुभद्राबाईला टाकून गेला, हे गल्लीला कोणत्या तोंडाने सांगू? मी उठले आणि ठाण्यात लिहून दिलं की कलाच्या नवऱ्याने, मगनने, माझ्या पोराला बांधून टेम्पोत घातला, मी डोळ्यांनी पाहिलं. चौथीपर्यंत शिकलेली मी. खाली ऐटीत सही ठोकली. मगनने बिचाऱ्याने त्याला खाडीच्या गावापर्यंत सोडलं होतं, बस्स. तो ओरडून ओरडून हेच सांगत होता, पण पोलिसांना पटेना. दोन दिवस लॉकअपमध्ये होता. उद्या कोर्टात नेणार होते.

"मावशी, ठाण्यात जाऊन एक शब्द बोला ना," कला सारखी म्हणत होती. "खोटं सांगितलं म्हणा. सुटतील ते."

"पोरगाच नेऊन उभा करते. मग बोलायची गरज काय? आणि पाय उचल, वरातीत आलीस का?"

ओहोटी लागून समुद्र पार मागे हटला होता. कोसभर नुसता करडा, चकाकता चिखल. त्यावर निवट्या मासोळ्या टुणटुण उड्या मारत होत्या, आणि शेवटी तिवरांचं एक हिरवं बेट, जिथे कोळ्यांसोबत निंबा राहत होता. भीखाभाई बांबूने चिखल टोचत पुढे, आम्ही त्याच्या पावलात पाऊल टाकत मागे.

"बा," तो त्याच्या गुजरातीत मला आई म्हणत बोलला, "माझी वाट सोडायची नाही. आणि इथं खोटी बूम पाडायची नाही. बूम ऐकली, हाक आली की आम्ही जाळं टाकून धावतो. खोट्या हाकेपायी माझा भाऊ गेला."

मी पदर सारखा केला. कला माझ्याकडे बघत होती, ते मला न बघताही कळत होतं.

पहिला ओहळ गुडघाभर. दुसरा कमरेएवढा! तळाच्या शिंपल्यांनी कलाचा पाय कापला, पाणी लाल झालं. ती तशीच लंगडत पुढे चालत राहिली. इतक्यात वारा फिरला. भीखाभाई थबकला. दूर क्षितिजावर एक पांढरी रेघ हलत होती.

"पाणी वळलं! चालो, चालो!"

आम्ही धावलो. भीखाभाई वळसा घालून चालला होता. मला समोर, दोनशे पावलांवर, निंबा दिसला! चिखलावर घसरत जायच्या एका फळीशेजारी बसून जाळं सोडवत होता. मी वाट सोडली. सरळ निघाले.

चार पावलं. पाचव्याला चिखलाने मला गिळलं.

आधी गुडघे, मग मांड्या. धडपडले, तशी कमरेपर्यंत गेले. भीखाभाईने बांबू माझ्या काखेखाली आडवा सारला. "हलू नका! मी फिरून फळी आणतो. पण पाणी माझ्याआधी येईल. पोराला हाक मारा!"

"निंबा! मेले रे मी!"

त्याने वर पाहिलं. आणि पुन्हा जाळ्यात तोंड घातलं.

का नाही घालणार? तो बारा वर्षांचा होता तेव्हापासून मी मरत होते. गावी निघाला की माझ्या छातीत कळ, मित्रांबरोबर राहिला की चक्कर. कला ओरडली, तर तिलाही मी शिकवून आणली असंच त्याला वाटलं असणार.

पाणी आलं. गार, सळसळत. पोटाला लागलं. छातीला. कडेच्या घट्ट चिखलात पाय रोवून कलाने माझे खांदे धरले होते. तिच्या पायातून रक्त वाहत होतं, तरी ती सोडेना.

"पळ कले!"

"गप्प बसा मावशी. खरं बोला काहीतरी. एकदा तरी!"

पाणी गळ्याशी आलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "निंबा! मगन लॉकअपमध्ये आहे! मी खोटी तक्रार दिली! माझं चुकलं रे!"

निंबा ताडकन उठला. फळी चिखलावर आपटून, तिच्यावर एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायाने ढकलत सुसाट आला! "पालथी पड माय! पाय हळू हलव. झटकू नको!" कला ओढतेय, निंबा ओढतोय. एक पाय सुटला. दुसरा सुटेना. लाट तोंडावरून गेली. मग फस्स करून चिखलाने मला सोडलं.

त्याच भरतीवर भीखाभाईने बेटावरून आणलेल्या होडीतून आम्ही परतलो. निंबा माझे पाय पुसत म्हणाला, "माझं चुकलं म्हणालीस, तेव्हाच समजलो. माय खरंच मरतेय."

ठाण्यात साहेबांनी विचारलं, "मिळाला का मुलगा? मगनने कुठे डांबला होता?"

किती सोपं होतं! नुसती मान हलवायची. कला दाराशी उभी, पायाला फडकं बांधलेलं.

"कुठेच नाही," मी म्हटलं. "मी खोटं लिहून दिलं. आता खरं लिहून घ्या."

"बाई, गुन्हा तुमच्यावर लागेल."

"लावा."

सही करायला गेले, तर चिखलाने माखलेल्या बोटांत पेन टिकेना. शेवटी अंगठा दिला. कागदावर शाईबरोबर खाडीचा चिखलही उमटला.

मगनला सोडलं. बाहेर त्याने टेम्पोत कलाला बसवलं, निंबाला बसवलं. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. पण गाडी सुरू करून तो तसाच थांबून राहिला. मी मुकाट्याने मागे चढले.