अबू फव्वाजचं ताट

"आठ!"

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर कुतैबाने कोळशाने आठवी रेघ ओढली. "पंधरा दिवसांत आठ मांजरं गायब! आज रनीमची लूलू."

"फुटबॉलचे गोल मोजतोयस का रे मेल्या?" शेजारच्या रनीमने नाक पुसत त्याच्या पाठीत धपाटा घातला.

कुतैबाची थोरली बहीण लुजैन गप्प होती. बारा वर्षांची लुजैन गप्प बसली की समजावं, काहीतरी शिजतंय! तिच्या मांडीवर तिचा बोका झातर पसरला होता. पसरला म्हणजे मांडी दिसतच नव्हती. तो कुंपणाच्या भिंतीवर बसला की ती दरीकडे कलते, असं अम्मान शहराच्या टोकाच्या त्या वस्तीत सगळेच सांगत. खोटं कशाला बोला, वीतभरच कलायची.

बारा दिवस तो घरात कोंडलेला होता. तेवढ्यात त्याने दोन पडदे फाडले आणि आईचा धीर उसवला. "परवा सकाळी नगरपालिकेची गाडी येऊन त्या कुत्र्याला नेणार," आईने बजावलं होतं, "त्याच दिवशी हा दांडगोबाही बाहेर! घरात दिसला तर तुम्हालाच दरीत सोडून येईन!"

ते कुत्रं म्हणजे खाली दरीत शेळ्या राखणारा बर्क. निकाल दिला होता अख्ख्या गल्लीचे अम्मो, म्हणजे काका, अबू फव्वाज यांनी. "त्यानेच खाल्ली! तीस वर्षं पूल बांधलेत मी, मला कळतं!" पुलांचा नि मांजरांचा संबंध काय, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

"आणि बर्कने खाल्लीच नसतील तर?" लुजैन एकदाची बोलली. "मग परवा नववी रेघ झातरची!"

तिघंही धावतच दरीत उतरली. बर्कची मालकीण, म्हातारी हज्जे उम्म सक्र, शेळी पिळत होती.

"माझा बर्क मांजरं खातो? अगं पोरी, हा माझ्या कोंबड्यांना भितो!" तिने बर्कचा पुढचा पंजा उचलून दाखवला. दोन बोटं नव्हती. "लहानपणी सापळ्यात गेली. हा कुठे कुठे हिंडला, ते माती सांगते. पण तुमचा तो पूलवाला कशाला खाली बघतोय!"

वर येताना लुजैन मध्येच थांबली. "सगळी मांजरं संध्याकाळी कुठे जमतात?"

"अम्मोच्या ताटाशी," रनीम म्हणाली. सूर्य मावळून मगरिबची बांग झाली की अबू फव्वाज उरलेला भात नि कोंबडी मोठ्या ताटात घालून मागच्या कट्ट्यावर ठेवत. मुक्या जिवांना घातलं की पुण्य लागतं. मग ते आत जात, ताट सकाळपर्यंत तिथेच.

"आठ मांजरं कमी झाली," लुजैन म्हणाली, "तरी ताट रोज चाटूनपुसून लख्ख. मग उरलेलं जेवतं कोण?"

त्या संध्याकाळी तिघांनी कट्ट्याभोवती पीठ भुरभुरलं. पहाटे पाहतात तर काय! ठसेच ठसे! बर्कच्या पंजाच्या निम्म्या आकाराचे, सगळी बोटं शाबूत, दरीतून आलेले आणि दरीत गेलेले.

"अम्मो! बघा!"

अबू फव्वाज आले आणि लालबुंद झाले. "पीठ? जमिनीवर पीठ? अन्न तुडवता? अल्लाहची भीती बाळगा रे!" कुणी तोंड उघडण्याआधी त्यांनी झाडूने सगळा पुरावा अदबीने गोळा केला आणि अंगणात कबुतरांना घातला.

"गेलं," कुतैबा म्हणाला. "आता ते स्वतःच्या डोळ्यांनी बघतील तेव्हाच! पण ताट ठेवलं की टीव्हीपुढे बसतात. भूकंपालाही उठत नाहीत."

"गॅसला उठतात," लुजैन म्हणाली.

तीन दिवस गॅसची गाडी फिरकली नव्हती. घरोघर रिकामी टाकी दाराशी उभी होती. आणि कुतैबाच्या मोबाइलमध्ये काय नव्हतं! ती गाडी येताना वाजवते ती टुणटुणसुद्धा होती.

संध्याकाळी तिघं गच्चीवर पालथी पडली. बांग झाली. ताट आलं. चार-पाच मांजरं जमली. थोड्या वेळाने दरीच्या पायऱ्यांवर दोन टोकदार कान दिसले. मग आणखी दोन.

"कोल्हे!" रनीम कुजबुजली.

"वाजव!"

टुण टुण टुण! क्षणात गल्लीतली दारं फटाफट उघडली. "थांब रे बाबा!" "मला दोन हवेत!" आवाज मागून येतोय म्हणून सगळी मंडळी टाक्या उचलून मागे धावली. सर्वांत पुढे अम्मो, मागोमाग लुजैनची आई. तिने दार उघडंच टाकलं होतं. त्यातून झातर निघाला, तो थेट ताटाकडे!

"झातर!" लुजैन किंचाळली. बोक्याने कोंबडीत तोंड घातलेलं. दोन हातांवर कोल्हा अंग चोरून दबलेला.

अबू फव्वाजनी ते पाहिलं आणि त्यांच्या हातून टाकी निसटली. ठण्ण! ठण्ण! टाकी पायऱ्यांवरून गडगडत गेली. ते बघून घाबरलेल्या बाकीच्यांच्याही टाक्या सुटल्या. असा दणदणाट झाला की पलीकडच्या डोंगरावर लोकांनी दिवे लावले म्हणतात. कोल्हे दरीत पसार! झातर ऑलिव्हच्या झाडावर, आणि झाड दरीकडे कललेलं.

अबू फव्वाज ताटाकडे बघत होते.

"म्हणजे कोल्ह्यांना आवतण मीच देत होतो," ते हळूच म्हणाले. "मांजरं नुसती वाढून ठेवत होतो." मग त्यांनी तिन्ही पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला. "शाबास! एवढे पूल बांधले, पण पायाखाली बघायला तुम्ही शिकवलंत."

त्यांनी लगेच फोन करून कुत्र्याची गाडी रद्द केली. मांजरांचं ताट आता भर दुपारी, अंगणात, आणि अर्ध्या तासात आत. बांगेआधी मांजरंही घरात. आईने पडद्यांसाठी जाड कापड काढलं. अम्मो स्वतः दरीत उतरले आणि त्यांनी बर्कपुढे कोंबडीची तंगडी धरली. बर्क दोन पावलं मागे सरला.

"सांगितलं नव्हतं?" हज्जे उम्म सक्र म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत टुणटुण झाली. एकही दार उघडलं नाही.

"आता नाही फसणार, पोरांनो!" अबू फव्वाज खिडकीतून ओरडले.

खरीखुरी गॅसची गाडी तीन फेऱ्या मारून निघून गेली. अख्ख्या गल्लीने बिनचहाचा नाश्ता केला. गाडीला जाताना पाहिलं ते एकट्या झातरने. तो बंद खिडकीत बसला होता, आणि खिडकी रस्त्याकडे वीतभर कलली होती.