दुसऱ्यांच्या मांडवात

मयताच्या मांडवात कुणी प्रेमात पडू नये असा काही नियम नाही. वान-यूला मात्र पुढे वाटायचं, असता तर बरं झालं असतं.

ती नगरसेविका कुओबाईंच्या कचेरीत कामाला होती. काम एकच... बाईंना जमणार नाही तिथे बाईंच्या वतीने जाणं. यीलान म्हातारं, जुन्या वळणाचं शहर; घरोघरच्या कार्याला पुढाऱ्याकडून कुणीतरी यायलाच हवं, त्यामुळे सकाळी मयत, दुपारी देवळातला उत्सव, संध्याकाळी लग्न. निवडणूक तोंडावर आल्यापासून तर पायाला भिंगरीच लागली होती. हसायचं की तोंड पाडायचं, हे ती दारातली फुलं बघून ठरवायची, इतकी ती थकली होती.

त्या दिवशी भुरभुर पावसात ती उशिरा पोचली. तिच्या मागोमाग धापा टाकत एक उंच तरुण आला. विरोधी उमेदवार येनसाहेबांचा माणूस, को-हान. नावं पुकारणाऱ्याने वेळ वाचवायला दोघांना एकदमच पुढे बोलावलं. शेजारी शेजारी उभे राहून दोघं तसबिरीपुढे वाकले. त्याच्या केसांतलं पाणी तिच्या हातावर ठिबकलं... आणि तिने ते पुसलं नाही.

"आजोबांना ओळखत होतात?" बाहेर आल्यावर त्याने विचारलं.

"नाही. तुम्ही?"

"मी तर आधी शेजारच्याच मांडवात जाऊन रडून आलोय."

वान-यू छत्री तोंडाशी धरून हसली.

मग रोजच गाठ पडू लागली. तो तिच्यासाठी हळूच एखादं संत्रं खिशात घालून आणायचा, बसस्थानकासमोरच्या आपल्या आईच्या पराठ्यांच्या गाडीच्या गमती सांगायचा. "आज कुणाचं लग्न?" तो विचारायचा.

"माझं नाही, एवढं नक्की."

"अरे वा... म्हणजे अजून आशा आहे!"

कुणी पाहिलं असतं तर दोघांचीही धडगत नव्हती. आणि निवडणूक संपल्यावर भेटायचं कुठे? हा प्रश्न दोघांच्याही ओठांवर यायचा आणि तिथूनच माघारी फिरायचा.

मग ते लग्न आलं. भर रस्त्यात मांडव, गोल टेबलं, वाफाळती ताटं. वान-यूचं त्या दिवसातलं ते चौथं कार्य. ती माईकपुढे उभी राहिली आणि तोंड आपोआप सुरू झालं, "कुओबाईंच्या वतीने, आपणा सर्वांच्या दुःखात मी..."

सगळा मांडव तिच्याकडे वळला. नवरीच्या आजीने जेवणाच्या काड्यांत धरलेली कोळंबी तोंडाशीच थांबली.

को-हान उठला आणि त्याने माईक हातात घेतला. "ताईंचं बरोबर आहे! एवढी गुणी मुलगी आज आम्हा सड्याफटिंगांच्या हातून गेली. आमचं दुःख कुओबाईंनी जाणलं. आमच्या येनसाहेबांना हे सुचलं नाही, बघा!"

मांडव हसून लोटपोट झाला. आजीने तर टाळ्याच वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मयताला येनसाहेबांकडून भलताच इसम आला. "को-हान कुठाय?" वान-यूने विचारलं.

"काढला त्याला. काल शत्रूची अब्रू राखायला गेला ना!"

तेवढ्यात कुओबाईंचं नाव पुकारलं गेलं. वान-यूने पुढे जायला हवं होतं. पण आपण इतके दिवस सकाळी उठत होतो ते कुणासाठी, हे तिला आत्ता कळलं. ती मागे वळली आणि सरळ चालायला लागली. मागे नाव पुन्हा पुकारलं गेलं.

बसस्थानकासमोर आईच्या गाडीवर को-हान कांद्याच्या पातीचे पराठे भाजत होता.

"रांगेत या," तो वर न बघताच म्हणाला. मग त्याने वर पाहिलं. "तू? मयत टाकून आलीस?"

"माझ्यापायी नोकरी घालवलीस... आणि सांगितलंही नाहीस!"

"सांगितलं असतं तर तूही सोडली असतीस."

"ती आता जातेच आहे. तिकडे माझं नाव पुकारताहेत."

"तुझं नाही. बाईंचं."

वान-यू गाडीला टेकली. "मी थकलेय रे," ती म्हणाली. "फार थकलेय. पण तू दिसलास की... सोसवतं. मला तू हवायस, को-हान. कुणाच्या कार्यापुरता नाही. रोज."

त्याच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. तव्यावरून धूर निघू लागला.

"अरे बाळा," रांगेतली एक आजीबाई कडाडली, "तिला हो म्हण एकदाचा, आणि तो पराठा उलट!"

"हो," को-हान म्हणाला. पराठ्याकडे न बघता म्हणाला. मग त्याने तो उलटला.

वान-यूने काळा कोट काढला, बाह्या वर सारल्या आणि सुरी घेऊन पात चिरायला बसली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. पातीने एवढं रडू येत नाही, हे पातीसाठी नावाजलेल्या यीलानमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण रांगेतलं कुणी काही बोललं नाही.