स्पीकर नसलेलं छत

माझी मावशी थापा मारणाऱ्यांतली नाही. उलट दुसऱ्याच्या खऱ्यावरही तिचा चटकन विश्वास बसत नाही. म्हणूनच हे सांगतोय. घडलं तेही भरदुपारी, विमानतळाच्या नव्याकोऱ्या टर्मिनलमध्ये, शेकडो माणसांत.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, अगदी हरखून गेले होते. केवढी काच, केवढा उजेड! एवढ्या मोठ्या छताला मधे एक खांब नाही!

"एवढी माणसं, मग आवाज का नाही?" मावशीने विचारलं.

"गालिचा आहे ना! आणि इथे घोषणा करतच नाहीत. लोकांना शांतता मिळावी म्हणून. तुला ना, चांगल्यातही काळंबेरं दिसतं!"

काका छताचे फोटो काढायला गेले. मावशी बॅगा सांभाळत बसली.

आणि मग... घोषणा झाली.

बाईचा गोड आवाज. काकांचं पूर्ण नाव. शेवटच्या गेटपाशी या.

मावशीने आजूबाजूला पाहिलं. कुणीच मान वर केली नव्हती.

जवळच एक बाई काच पुसत होती. "अहो, आत्ता घोषणा झाली ना?"

"इथं? छतात स्पीकरच नाहीत, ताई."



तेवढ्यात काका लगबगीने आले. "मला बोलावतायत. ऐकलं नाहीस?"

मावशीने त्यांचं मनगट घट्ट धरलं. "नाही. मी काही ऐकलं नाही."

पुन्हा आवाज आला... या वेळी पुरुषाचा.

"छोट्या, ये ना."

काकांना छोट्या म्हणणारा एकच माणूस होता. त्यांचा थोरला भाऊ. त्याला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

काका हात सोडवू लागले. रडतही होते, हसतही होते. मावशीने दोन्ही हातांनी त्यांना खाली ओढलं. "वेड लागलंय का? बसा!"

आवाज थांबला.

मग... दुसरंच नाव आलं.

समोरच्या रांगेतला एक म्हातारा उठला. घरचं कुणी घ्यायला यावं तसा त्याचा चेहरा खुलला. चहा अर्धा टाकून तो शेवटच्या गेटकडे निघाला.

मावशीला ओरडायचं होतं. पण ओरडली असती, तर काकांना कळलं असतं की तिलाही ऐकू येतंय.

ती गप्प बसली. म्हातारा परत आला नाही.

काका सुखरूप घरी आले खरे. पण जेवताना त्यांचा हात मधेच थांबतो. तिच्याकडे रोखून बघतात.

"खरं सांग, तुला ऐकू आलं होतं ना?"

"नाही," मावशी म्हणते.

परवा त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा पायांत चपला होत्या.

हल्ली मावशी दाराला आतून कुलूप लावते. किल्ली कुठे ठेवते, ते मलाही सांगत नाही.